काळी पडलेली कौलं आणि शिंगल्स धुवायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात डिचोलीजवळचं घर, मागची जुनी बाजू वाशांवर मंगलोरी कौलांची, पुढची नवी खोली आणि पोर्च उतरत्या स्लॅबवर शिंगल्सचा (म्हणजे वर खडे बसवलेल्या डांबरी तुकड्यांचा). शिंगल्सवर काळे ओघळ, कौलांवर हिरवी गादी, आणि मागच्या खोलीत दोन ठिकाणी गळती. शेजाऱ्यांनी प्रेशर वॉशर लावून छप्पर एका दिवसात लालभडक करून घेतलं. तुमच्याकडे आलेला माणूस म्हणतो, आधी अ‍ॅसिड मारू, मग जेट. चवथीपूर्वी, म्हणजे गणेश चतुर्थीपूर्वी, उरकेल का आणि यात धोका काय, हे तुम्ही विचारलंय.

चवथीपूर्वी नको, अ‍ॅसिड नको आणि जेटही नको. कारणं खाली देतो, कारण कारण कळलं नाही तर पुढचा माणूस येऊन तुम्हाला परत पटवेल.

आधी एक गोष्ट वेगळी करू. काळेपणा आणि गळती हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. कौलावरचा काळा थर दिसायला वाईट, पण त्यातून पाणी आत येत नाही. पाणी आत येतं ते कौलांच्या खाचांत शेवाळ आणि पालापाचोळा बसल्यामुळे. मंगलोरी कौलाला कडेने जी खाच असते तिच्यातून पाणी खाली वाहून जायचं असतं. ती भरली की पाणी तुंबतं, दोन कौलांच्या फटीतून वर ओढलं जातं आणि रिपेवर, म्हणजे कौल ज्या आडव्या लाकडी पट्टीवर टेकतं तिच्यावर, उतरतं. म्हणून छप्पर नव्यासारखं दिसेल असं धुतलं आणि खाचा तशाच राहिल्या, तर पुढच्या जूनमध्ये गळती आहे तिथेच असते. उलट खाचा मोकळ्या केल्या आणि कौलं थोडी काळपट राहिली, तर घर कोरडं राहतं. पैसे मोजके असतील तर ते कुठे घालायचे, हे यावरून ठरवा.

आता वर नक्की काय वाढलंय ते बघू. सगळ्याला आपण शेवाळ म्हणतो, पण औषध प्रत्येकाचं वेगळं. शिंगल्सवरचे वरून खाली आलेले काळे ओघळ बहुधा ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाच्या नील-हरित शैवालाचे असतात. शिंगलच्या डांबरात भर म्हणून चुनखडीची पूड घातलेली असते, ती त्याला पोसते. उन्हापासून बचाव म्हणून ते स्वतःभोवती गडद आवरण करतं, त्यामुळे डाग हिरवा न दिसता काळा दिसतो. कौलांवरची हिरवी मऊ गादी म्हणजे खरं शेवाळ. त्याखाली ओलावा धरून राहतो आणि खाचा तेच बुजवतं. करड्या-पांढऱ्या गोल चकत्या दिसत असतील तर ते दगडफूल. ते कौलाला इतकं घट्ट धरतं की जिवंत असताना खरवडलं तर कौलाचा पापुद्राही सोबत येतो.

आणि एक चौथा प्रकार, जो लोक नेहमी चुकीचा ओळखतात. छपरावर आंब्याची फांदी असेल आणि काळा थर नेमका तेवढ्याच भागात असेल, तर ती काजळी बुरशी. मोहराच्या दिवसांत तुडतुडे चिकट गोड रस टाकतात, तो खाली कौलांवर सांडतो आणि त्यावर ही बुरशी धरते. ओल्या बोटाला साबण लावून चोळलं तर ती बोटाला लागते. तिला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. ब्लीच मारून ती जाईल, पण मानकुराद आंब्याला पुढच्या वर्षी मोहर आला की परत येईल. तिथे इलाज फांदीचा करायचा.

तुमच्या भागात पाचवीही एक गोष्ट असते, खाणीच्या रस्त्याची लाल धूळ. ती वाढलेली नसते, बसलेली असते. ब्लीचने ती हलत नाही. ती काढायला कुणी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड सुचवेल, पण कौलाचा स्वतःचा लाल रंगही लोहाचाच असतो. पाण्याने जेवढी जाईल तेवढी जाऊ द्या, उरलेली राहू द्या.

ओळखण्याची सोपी चाचणी करा. शिडीवरून हात पोचेल अशा ठिकाणी हातभर चौकोन निवडा, त्यावर पातळ ब्लीच शिंपडा आणि पंधरा मिनिटं थांबा. काळं तपकिरी होऊन फिकट पडलं तर शैवाल. काहीच बदललं नाही तर धूळ, किंवा कौलाच्या भट्टीतलाच डाग. या एका चौकोनावरून पुढच्या खर्चाचा अंदाज येतो, आणि ब्लीचने तुमच्या शिंगल्सचा रंग उतरतो का हेही कळतं.

जेट का नको? घरगुती प्रेशर वॉशर साधारण १०० ते १५० बार दाबाने पाणी फेकतो. बागेच्या पाइपचा दाब दोन-चार बार. शिंगलवर वरचे जे खडे दिसतात ते शोभेचे नसतात, खालच्या डांबराला उन्हापासून झाकतात. जेटने ते सुटतात आणि पन्हळीत जमा होतात. त्या दिवशी छप्पर स्वच्छ दिसतं, पण उघडं पडलेलं डांबर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकायला लागतं. शिवाय शिंगल खालच्या कडेला चिकटपट्टीने धरलेली असते. वळचणीखाली उभं राहून वरच्या दिशेने जेट मारला की पाणी त्या कडेतून आत शिरतं आणि शिंगल सुटते. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत प्रेशर वॉशरला मनाई असते ती यामुळेच.

मातीच्या कौलाचं नुकसान वेगळ्या तऱ्हेने होतं. भट्टीत भाजताना कौलाच्या वरच्या अंगाला घट्ट पापुद्रा येतो. जेटने तो खरडला जातो, आणि खालची उघडी, सच्छिद्र माती जास्त पाणी पिते. जास्त पाणी म्हणजे जास्त शेवाळ. शेजाऱ्यांचं लाल छप्पर दोन-तीन पावसाळ्यांनी बघा, तुमच्यापेक्षा लवकर हिरवं झालेलं असेल. जुनी कौलं आधीच मऊ असतील तर हे आणखी लवकर होतं. आणि वाशांवरच्या कौलांखाली स्लॅब नसतो. जेटचं पाणी फटीतून थेट माळ्यावर, तिथून छताच्या फळ्यांवर आणि वायरिंगवर.

अ‍ॅसिडचं म्हणाल तर ते शेवाळ मारण्यापेक्षा चुना आणि सिमेंट खाण्यात पटाईत. आढ्यावरच्या कौलांचा गिलावा, स्लॅबवर कौलं बसवलेला मसाला, लोखंडी खिळे, हे सगळं ते पोखरतं. सर्वांत वाईट म्हणजे त्याच दिवशी कुणी त्यावर ब्लीच मारलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि उतरत्या छपरावर उभ्या माणसाला पळायला जागा नसते. संडास धुण्याचं अ‍ॅसिड, व्हिनेगर, अमोनियावालं काच धुण्याचं औषध, यांतलं काहीही ब्लीचसोबत एका बादलीत, एका पंपात किंवा एका दिवशी एका छपरावर नको.

आता वेळ. पणजीला वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरी-सांग्याच्या डोंगरपट्ट्यात त्याहून जास्त. चवथ भर पावसाळ्यात. ओलं शेवाळलेलं कौल काचेसारखं निसरडं असतं, औषध मारलं तरी तासाभरात सर येऊन धुवून नेते, आणि नेते ती तुमच्या विहिरीकडे. त्या दिवसांत वर कुणी चढू नये, रोजचा कौलं परतणारा माणूससुद्धा. धुण्याचं काम दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण थांबून आठ-दहा दिवस ऊन पडलं की करा. शेवाळ तेव्हा अजून जिवंत असतं, त्यामुळे औषध शोषून घेतं. एप्रिलपर्यंत ते सुकून खरपुडी होतं आणि औषध वरूनच उडतं. जुनी बाजू उघडून कौलं परतायची असतील, म्हणजे नेहमीची शाकारणी, तर ती एप्रिल-मेमध्ये चालेल. पण माणसं तेव्हाच मिळत नाहीत, सगळ्या गावाला तेव्हाच हवी असतात. जानेवारी-फेब्रुवारीत उरकलं तर काम निवांत होतं.

शिंगल्सच्या बाजूने सुरुवात करू, ती सोपी. औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ज्याला दुकानात लिक्विड ब्लीच किंवा लिक्विड क्लोरीन म्हणतात. पाण्याच्या टाक्या किंवा पोहण्याचे तलाव स्वच्छ करणाऱ्यांना विकणाऱ्या दुकानात ते कॅनमध्ये मिळतं, लेबलवर बहुधा १० टक्के लिहिलेलं असतं. छपरावर तुम्हाला अडीच ते तीन टक्के हवंय. म्हणजे ताजा १० टक्क्यांचा माल असेल तर एक भाग औषध, तीन भाग पाणी. पण हे औषध उष्णतेत आणि उजेडात भराभर उतरतं. दुकानाबाहेर उन्हात ठेवलेला कॅन घेऊ नका, उत्पादनाची तारीख बघा, आणि माल दोन महिन्यांपेक्षा जुना वाटला तर एकास दोन करा. घरी आणल्यावर महिनाभर ठेवून मग वापरायचा विचारही नको.

किती लागेल? तुमचा पोर्च आणि खोली मिळून छपराचं क्षेत्र ४० चौरस मीटरच्या आसपास धरतो. एक लिटर तयार द्रावण तीन ते चार चौरस मीटरला पुरतं. म्हणजे बारा लिटर, त्यात तीन लिटर औषध आणि नऊ लिटर पाणी. आधी बादलीत पाणी घ्या, मग त्यात औषध ओता, उलट नको. पाठीवरचा बागायतीचा पंप चालतो, पण त्याची नोझल आणि दांडी प्लॅस्टिकची असू द्या. पितळेचे भाग ब्लीच खातं. नंतर पंप कितीही धुतला तरी त्याने सुपारीवर किंवा भाजीवर फवारणी करू नका.

ब्लीचची पूड का नाही, असं कुणी विचारेल. चालते, स्वस्तही पडते. एक किलो पूड दहा लिटर पाण्यात ढवळली की साधारण तीन टक्क्यांचं द्रावण होतं, कारण चांगल्या पुडीत उपयोगी क्लोरीन तीस टक्क्यांच्या वर असतो. पण गाळ खाली बसू द्यावा लागतो आणि वरचं निवळ पाणीच घ्यावं लागतं. नाहीतर नोझल तुंबते आणि छपरावर चुन्याचे पांढरे फराटे राहतात. ते काढायला मग लोक अ‍ॅसिड आणतात आणि परत पहिल्या घोळात. शिंगल्सवर मी पूड टाळतो.

फवारण्याआधी खालची तयारी जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच घाईत राहते. विहीर छपराच्या ओघळाच्या जवळ असेल तर ताडपत्रीने झाका आणि कडा दगडांनी दाबा. पावसाचं पाणी टाकीत घेत असाल तर तो पाइप सोडून बाजूला करा. वळचणीखालची झाडं, तुळशी वृंदावन, कुंड्या यांवर आधी साधं पाणी भरपूर ओता. पानं आणि माती ओली असली की ब्लीच कमी शोषलं जातं. नाजूक झाडांवर प्लॅस्टिक घाला, पण दुपारच्या आत काढा, नाहीतर ती उकडून मरतात आणि दोष ब्लीचला जातो. चिऱ्याच्या उघड्या भिंतीवर ओघळ आला तर पट्टे दिसतात, म्हणून भिंतही आधी ओली करा. गाडी बाहेर न्या, कपडे वाळत असतील तर काढा.

काम सकाळी करा. छप्पर कोरडं आणि थंड हवं, वारा मंद हवा. दुपारच्या उन्हात द्रावण पाच मिनिटांत सुकतं आणि काम करत नाही. शक्यतो शिडीवरून किंवा परांचीवरूनच फवारा. वर जावंच लागलं तर दूरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून शिडीकडे मागे मागे या, कारण ब्लीच पडलेल्या शैवालावर पाय ठरत नाही. हलका, सपाट फवारा, सगळीकडे सारखा ओला होईल इतपत, पाणी ओघळून पन्हळीत धावेल इतका नको. पंधरा ते वीस मिनिटं राहू द्या. मधे सुकत आलं तर परत हलका हात फिरवा. मग बागेच्या पाइपने वरून खाली, भरपूर पाण्याने धुवा. पाइप कधीही वळचणीकडून वर रोखू नका. ब्रशने घासू नका, घासलं की खडे सुटतात. काळेपणा त्याच दिवशी बराच जातो, उरलेले पुसट डाग पावसात जातात. फारच जाड थर असेल तर आठवड्याने दुसरा हात द्या. एकदाच दुप्पट कडक करण्यापेक्षा हे बरं. पन्हळी अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या पत्र्याच्या असतील तर त्या शेवटी वेगळ्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. ब्लीच सांध्यांत राहिलं की तिथून गंज सुरू होतो.

आता जुनी बाजू. वाशांवरच्या कौलांवर चढून घासण्यापेक्षा कौलं उतरवून धुणं सोपं, सुरक्षित आणि टिकाऊ, हे ऐकायला उलटं वाटेल. पण तुमच्याकडे गळती आहे, म्हणजे तो भाग उघडावा लागणारच. एका चौरस मीटरला साधारण पंधरा-सोळा कौलं बसतात, एकाचं वजन दोन-अडीच किलो. दोन माणसं वर, एक खाली असली तर दिवसाला एक पट्टा आरामात होतो.

पट्टा आढ्यापासून वळचणीपर्यंत, दोन मीटर रुंदीचा घ्या, संध्याकाळपर्यंत परत झाकता येईल एवढाच. सगळं छप्पर एकदम उघडू नका. जानेवारीतही अवेळी पाऊस येतो, ताडपत्री हाताशी असू द्या. कौलं काढताना आढ्याकडून खाली, लावताना वळचणीकडून वर. खाली कौलं आडवी एकावर एक रचू नका, भिंतीला टेकवून उभी ठेवा. आढ्याच्या कौलांचा गिलावा चांगला असेल तर तो फोडू नका. त्याखालची पहिली ओळ सोडून दुसऱ्या ओळीपासून काढता येतं. पहिल्या ओळीच्या खाचा वरूनच बारीक ब्रशने साफ करायच्या.

धुण्याची रीत अशी. शेवाळाची गादी आधी लाकडी पट्टीने ओलीच खरवडा. कोरडी खरवडली की धूळ आणि बीजाणू नाकात जातात. मग पिंपात १० टक्के औषध एक भाग आणि पाणी नऊ भाग, म्हणजे एक टक्क्याचं पाणी घ्या. कौलं आधी साध्या पाण्यात बुडवून काढा आणि मग यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. कोरडं कौल थेट ब्लीचमध्ये घातलं तर ते द्रावण आतपर्यंत ओढून घेतं आणि सुकल्यावर महिनाभर पांढरा खार बाहेर टाकत बसतं. बाहेर काढून वरचा भाग काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने घासा. नारळाचं सोडणही चालतं, तारेचा ब्रश नको. खाचांसाठी जुना टूथब्रश सर्वांत उत्तम. दोन्ही कडांच्या खाचा आणि वरच्या टोकाची आडवी खाच, तिन्ही बोट फिरवून मोकळ्या लागल्या पाहिजेत. मग साध्या पाण्यातून काढून उन्हात उभी वाळवा, पूर्ण एक दिवस तरी. ओलं कौल रिपेवर ठेवलं की लाकूड भिजतं आणि वाळवीला आयतं आमंत्रण. म्हणून काल धुतलेल्या कौलांनी आज पट्टा झाकायचा. पहिल्या दिवशी त्यासाठी वीस-तीस जादा कौलं लागतात, आणि पट्ट्याचा उरलेला भाग रात्रभर ताडपत्रीखाली.

हाताळताना प्रत्येक कौल बोटाने वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द वाजलं तर आत चीर आहे, बाजूला काढा. बदली कौल आणताना मागचा शिक्का बघा. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये पहिला कारखाना काढल्यापासून अनेक कारखान्यांनी ही कौलं केली. दिसायला सगळी सारखी, पण खाचांची मापं थोडी थोडी वेगळी. एका शिक्क्याचं कौल दुसऱ्यात नीट बसत नाही, एक कड उचललेली राहते आणि तिथून गळतं. जुनी घरं पाडताना निघालेली कौलं विकणाऱ्यांकडे तुमच्या शिक्क्याची मिळतात का बघा. पट्टा उघडा असताना रिपा आणि वासेही बघून घ्या. पेचकस टोचला आणि आत गेला तर ती रीप बदला. लाकडावर ब्लीच सांडू देऊ नका, त्याने तंतू सुटे होतात.

दगडफूल असलेली कौलं वेगळी काढा. त्यांना ब्लीचने वरवर रंग जातो, पण मूळ राहतं. त्यांच्यासाठी बेंझाल्कोनियम क्लोराइड, जे बाजारात बीकेसी म्हणून ५० टक्क्यांचं मिळतं. एक लिटर पाण्यात ४० मिलि घातलं की दोन टक्के होतं. कोरड्या कौलावर ब्रशने लावायचं, चोवीस तास पाणी लागू द्यायचं नाही आणि धुवायचं नाही. ते हळू काम करतं, दगडफूल मरून पुढच्या पावसात आपोआप गळतं. धुऊन वाळलेल्या सगळ्याच कौलांवर एक हात दिला तर शेवाळ परत धरायला वेळ लागतो. पण बीकेसी मासे आणि बेडकांना घातक आहे. घराचं पाणी ओहोळात किंवा कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) पाटात उतरत असेल तर ते वापरू नका. मोरचुदाचंही तेच. सुपारीवर मारलेलं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) उरलं म्हणून छपरावर मारणारे आहेत. शेवाळ मरतं खरं, पण कौलांवर निळसर-पांढरे डाग राहतात, जस्ताच्या पन्हळी खाल्ल्या जातात आणि तांबं पावसाबरोबर पाण्यात जातं.

धुतल्यावर रंग द्यावा का? शेवाळ मुळासकट गेलेलं नसताना दिलेला रंग दुसऱ्या पावसाळ्यात पापडासारखा सुटतो. चकाकणारा थर देणारे रंग मी मातीच्या कौलांना टाळतो. खालून गेलेली वाफ अडकते आणि कौल आतून ओलं राहतं. काही लावायचंच असेल तर सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचं, थर न धरणारं पाणीरोधक, पूर्ण वाळलेल्या कौलावर. नाही लावलं तरी बिघडत नाही.

माणसाच्या सुरक्षेबद्दल, कारण या कामात छपरापेक्षा आधी माणूस मोडतो. शिडी चार मीटर उंचीला एक मीटर बाहेर, वरचं टोक वळचणीच्या मीटरभर वर आणि बांधलेलं. वर जाणाऱ्याला अंगभर हार्नेस. दोरी आढ्यावरून पलीकडे नेऊन झाडाच्या बुंध्याला किंवा खांबाला बांधायची, पन्हळीला किंवा रिपेला नव्हे. वाशांवरच्या कौलांवर थेट पाय न देता खाली गोणपाट घालून फळी टाकायची, म्हणजे भार दोन-तीन वाशांवर जातो. काचेच्या कौलावर कधीच पाय नको, शेवाळाखाली ते ओळखूही येत नाही. आधी आतून बघून खुणा करून ठेवा. वळचणीखाली गांधील माशांचं पोळं आहे का तेही आदल्या दिवशी बघा. खांबावरून घरात येणारी विजेची तार छपराजवळून जात असेल तर अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणि ओला पाइप तिच्यापासून लांब. जमत नसेल तर वीज खात्याकडून तेवढा वेळ पुरवठा बंद करून घ्या. डोळ्यांना बंद गॉगल, हातात रबरी मोजे, वाऱ्याकडे पाठ. एकट्याने कधीच नाही.

मागे न्हाणीघरावर किंवा गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना यातलं काहीच लावू नका. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. घासलं, खरवडलं किंवा जेट मारला की त्याचे तंतू हवेत येतात, आणि वर चढलं तर पत्रा माणसासकट खाली येतो. ते काळे आहेत तसे राहू देत.

किती टिकेल हे जागेवर अवलंबून आहे. उघड्या, दक्षिण-पश्चिम उतारावर बरीच वर्षं. फणसाच्या सावलीतल्या उत्तर उतारावर दोन-तीन पावसाळ्यांत हिरवं परत दिसेल, कुणी काहीही हमी दिली तरी. छपरावर झुकलेल्या फांद्या दोन-तीन मीटर मागे छाटल्या की जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच औषधाने पडत नाही, कारण कौल सकाळच्या उन्हात वाळायला हवं. शिंगल्सच्या आढ्याखाली तांब्याची किंवा जस्ताची पाच-सहा सेंटिमीटर उघडी राहील अशी पट्टी बसवतात. पावसाचं पाणी तिच्यावरून जाताना थोडा धातू सोबत नेतं आणि खालच्या चार-पाच मीटरांत शैवाल कमी धरतं. तुमच्या पोर्चला ते पुरेल. मात्र खाली अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ असेल तर तांबं नको, आणि ते पाणी टाकीत किंवा विहिरीत घेत असाल तर कुठलीच पट्टी नको.

दिवाळीपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही. उघडीप मिळेल तेव्हा शिडीवरूनच पन्हळी साफ करा. आढ्याच्या गिलाव्यात पिंपळ किंवा वडाचं रोप उगवलं असेल आणि ते शिडीवरून हाताला येत असेल, तर आत्ताच, वीतभर आहे तोवर उपटा. मोठं झाल्यावर उपटलं तर गिलावाही सोबत येतो, तेव्हा ते बुंध्याशी कापावं लागतं. आणि मुसळधार पाऊस चालू असताना टॉर्च घेऊन माळ्यावर जा. पाणी जमिनीवर जिथे टपकतं तिथे नव्हे, तर वाशावर पहिल्यांदा जिथे दिसतं तिथे खडूने खूण करा. पाणी वाशावरून खाली घसरत येतं, त्यामुळे मूळ जागा बहुधा दोन-तीन ओळी वर असते. जानेवारीत पहिला पट्टा त्या खुणांच्या वर उघडायचा.